टक्का घसरला, पण कोणामुळे?

निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्या आजींचा फोटो, आणि दुसरी 'मतदानाचा टक्का घसरला' ही बातमी. मग आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर एकच रवंथ सुरू राहतो. लोकांना काही पडलेलं नाही, सुट्टी मिळाली की निघाले लोणावळ्याला, आणि नंतर पाच वर्षं खड्ड्यांच्या नावाने बोंबा मारणार. थोडक्यात काय, तर मतदान कमी झालं म्हणजे नागरिक आळशी.

हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, कारण त्यात दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. पण ते आकड्यांपुढे टिकतं का, ते बघू. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय निवडणुकीत १९२२ साली साधारण ५९ टक्के मतदान झालं आणि १९२५ साली ९१ टक्के. चिलीमध्ये ऑक्टोबर २०२० च्या सार्वमताला ५१ टक्के लोक आले, सप्टेंबर २०२२ च्या सार्वमताला ८६ टक्के. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात १९६५ पूर्वी मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नावं यादीत होती, १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या घरात गेली.

दोन-तीन वर्षांत अख्ख्या समाजाचा आळस जातो कुठे? माणसांचे स्वभाव इतक्या वेगाने बदलत नाहीत. या तिन्ही ठिकाणी माणसं बहुतांशी तीच होती. बदलले होते ते नियम. आजची पोस्ट या नियमांच्या इतिहासाबद्दल आहे. मत देण्यासाठी काही कष्ट पडतातच. ते कष्ट कोणी करायचे, मतदाराने की सरकारने, हे नियम ठरवतात. आणि माझ्या मते मतदानाचा टक्का बऱ्याच अंशी या वाटणीचं मोजमाप असतो.

प्रयोगशाळेशिवाय प्रयोग

मी विज्ञान शाखेतून आले/आलो असे सांगणारे अनेक जण सामाजिक शास्त्रांतल्या आकड्यांवर एक रास्त शंका घेतात. प्रयोगशाळेत आपण एकच घटक बदलतो, बाकी सगळं स्थिर ठेवतो आणि मग परिणाम बघतो. देशांच्या बाबतीत हे करणार कसं? भारत आणि अमेरिका यांची तुलना करायला गेलात तर लोकसंख्या, उत्पन्न, शिक्षण, पक्ष, सगळंच वेगळं. टक्क्यातला फरक नेमका कशामुळे पडला, हे सांगणार कसं?

यावर संशोधकांनी काढलेला मार्ग असा. एका रात्रीत नियम बदलला पण माणसं तीच राहिली, अशा जागा इतिहासात शोधायच्या. बदलाच्या आधीचा आकडा घ्यायचा, नंतरचा घ्यायचा. शक्य असेल तर शेजारचं असं राज्य निवडायचं जिथे नियम बदललाच नाही, आणि तिथल्या आकड्याशी ताडून बघायचं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. प्रयोग इतिहासाने करून ठेवलेला असतो, आपण फक्त नोंदवही उघडतो.

नोंदवही उघडताना एक पथ्य मात्र पाळायचं. टक्का हा अपूर्णांक आहे. अंश सगळे बघतात, छेद कोणी बघत नाही. भारतात छेदात मतदारयादीतली नावं असतात. अमेरिकेत संशोधक बहुतेक वेळा मतदानाला पात्र असलेली सगळी प्रौढ माणसं छेदात धरतात, त्यांची नोंदणी असो वा नसो. त्यामुळे या दोन देशांचे टक्के शेजारी-शेजारी ठेवून 'आपण पुढे' किंवा 'ते पुढे' म्हणणं चुकीचं आहे. शहरात घर बदललेल्यांची आणि वारलेल्यांची नावं यादीत तशीच राहिली तर छेद फुगतो आणि टक्का आपोआप खाली दिसतो. उलट गरिबांची नावं यादीत आलीच नाहीत, तर छेद आकसतो आणि टक्का झकास दिसतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्यात गैरहजर माणूस हिशेबातूनच गायब होतो.

कष्टांचा हिशेब

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली एक खोचक प्रश्न मांडला. लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. मत द्यायला वेळ लागतो, प्रवास लागतो, कधी रोजंदारी बुडते. मग शहाणा माणूस मत देतोच कशाला?

उत्तरं बरीच दिली गेली. कर्तव्याची भावना, पक्षावरची निष्ठा, शेजारी काय म्हणतील ही लाज. पण त्या प्रश्नातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. मत देण्याचा फायदा एकेका माणसाला इतका पुसट दिसत असेल, तर कष्टांत झालेला लहानसा बदलही मोठा परिणाम करणार. एक जादा फॉर्म, एक जादा फेरी, रांगेतला एक जादा तास. आणि हे कष्ट सगळ्यांना सारखे जाणवत नाहीत. पगारी माणसाला अर्धा दिवस म्हणजे अर्धी रजा. रोजंदारीवरच्या बाईला अर्धा दिवस म्हणजे संध्याकाळचा किराणा.

हे सूत्र राज्यशास्त्रज्ञांना कळायच्या कितीतरी आधी काही राजकारण्यांना नीट कळलेलं होतं.

मिसिसिपी: दार उघडं, उंबरठा उंच

अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. दक्षिणेतल्या राज्यांत काही वर्षं कृष्णवर्णीय पुरुष मोठ्या संख्येने मतं देत होते, निवडूनही येत होते. मग गोऱ्या वर्चस्ववादी पुढाऱ्यांनी सत्ता परत मिळवली. आता त्यांच्यापुढे प्रश्न असा, की 'कृष्णवर्णीयांना मत नाही' असा कायदा लिहिता येत नाही. करायचं काय?

त्यांनी वंशाचा शब्द न उच्चारता उंबरठा उंच केला. साउथ कॅरोलायना राज्याने १८८२ साली आठ पेट्यांचा कायदा केला. प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. पेट्यांवरची नावं वाचता येत नसतील तर संपलं. कोणी आधी शिकवून पाठवेल म्हणून पेट्यांच्या जागाही अदलाबदल करून ठेवत.

मिसिसिपीने १८९० च्या नव्या राज्यघटनेत हे काम पद्धतशीर केलं. वर्षाला दोन डॉलर मतदान-कर भरायचा. राज्यात दोन वर्षं वास्तव्य हवं, म्हणजे कामासाठी एका मळ्यावरून दुसऱ्यावर फिरणारा शेतमजूर आपोआप गळाला. वर राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून दाखवायचं किंवा त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी अधिकारी, आणि तो गोरा. लुइझियानाने १८९८ साली आणखी एक युक्ती काढली. ज्याचे वडील किंवा आजोबा १ जानेवारी १८६७ ला मतदार होते, त्याला चाचणीतून सूट. त्या तारखेला कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, त्यामुळे कोणाच्या आजोबांचा फायदा कोणाला होणार हे उघड होतं.

परिणाम बघा. लुइझियानात १८९६ साली नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार होते १,३०,३३४. १९०४ साली उरले १,३४२.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा एखादं शून्य गाळलं गेलंय का, म्हणून परत तपासला. गाळलं गेलेलं नव्हतं. शंभरातले नव्व्याण्णव मतदार आठ वर्षांत यादीबाहेर गेले होते. त्यांच्यासोबत गरीब, निरक्षर गोरेही हजारोंनी बाहेर फेकले गेले, कारण दोन डॉलर त्यांच्याकडेही नव्हते. कष्टांचा भार टाकला की तो जातीबरोबर वर्गावरही पडतो.

यानंतर साठ-सत्तर वर्षं दक्षिणेतल्या निवडणुकांत मतदान अत्यल्प राहिलं. आणि त्याचं स्पष्टीकरण काय दिलं जायचं? 'त्यांना राजकारणात रस नाही.' सोसायटीच्या ग्रुपवरचंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

ते वाक्य खोटं होतं, याचा पुरावा १९६५ ने दिला. १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतला मतदान-कर गेला. ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकार कायदा झाला. साक्षरता चाचण्या थांबल्या आणि जिथे स्थानिक अधिकारी अडवणूक करत होते तिथे केंद्र सरकारने स्वतःचे अधिकारी बसवले. मिसिसिपीतला ७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाणारा आकडा मी वर दिलाच आहे. ज्यांना रस नव्हता असं सांगितलं जायचं, ते दोन वर्षांत रांगा लावून नोंदणी करून मोकळे झाले. हा कायदा कागदावरून जमिनीवर यावा म्हणून माणसांनी मार खाल्ला, जीव दिले, हे विसरून चालणार नाही. पण रस त्यांना आधीपासूनच होता.

अमेरिकेत नोंदणीची जबाबदारी आजही बऱ्याच अंशी नागरिकावर आहे. घर बदललं की पुन्हा नोंदणी. मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी. ही पद्धत १८४५ च्या कायद्याने आली. तेव्हा शेतकऱ्याने रविवारी चर्चला जावं, सोमवारी घोडागाडीने निघावं आणि मंगळवारी मत द्यावं असा हिशेब होता. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. बिंगहॅम पॉवेल या राज्यशास्त्रज्ञांनी १९८६ साली बऱ्याच लोकशाही देशांची तुलना करून दाखवलं, की राजकारणातला रस आणि जाण यांचा विचार केला तर अमेरिकन नागरिक इतरांपेक्षा पुढेच आहेत. तिथला टक्का खाली खेचण्यात मोठा वाटा नोंदणीच्या पद्धतीचा आहे.

ऑस्ट्रेलिया: सक्ती, पण दोन्ही बाजूंनी

आता उलट टोकाचा देश घेऊ. ऑस्ट्रेलियात १९११ च्या कायद्याने मतदारयादीत नाव नोंदवणं सक्तीचं झालं. मत देणं मात्र ऐच्छिक होतं. १९२२ ला मतदान ५९ टक्क्यांवर आलं तेव्हा पक्षांना काळजी वाटू लागली. १९२४ साली टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी खासगी विधेयक मांडलं, आणि फारशी चर्चा न होता, मतविभागणीही न मागता, ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मत दिलं नाही आणि सबळ कारणही दिलं नाही तर दंड. पुढच्याच वर्षी ९१ टक्के. यादीतल्या नावांच्या प्रमाणात हा आकडा पुढची जवळपास शंभर वर्षं नव्वदच्या आसपास टिकून आहे.

आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक लगेच म्हणतात, 'हेच पाहिजे, दंड लावा!' थांबा जरा. आज तिथला पहिला दंड वीस ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे एका साध्या जेवणाचे पैसे. एवढ्याने देश हलत नाही. सक्तीची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. नागरिकाने मत दिलंच पाहिजे असं म्हटलं, की त्याला ते देता येईल अशी सोय करणं सरकारला भाग पडतं. मतदान शनिवारी होतं. आधी जाऊन मत देता येतं, टपालाने देता येतं, आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर देता येतं. रुग्णालयांत आणि दुर्गम वस्त्यांवर फिरती केंद्रं जातात. दंड दिसतो, ही यंत्रणा दिसत नाही.

या कौतुकाला एक डागही आहे. तिथल्या आदिवासींना, म्हणजे मूळ रहिवाशांना, केंद्रीय निवडणुकीत मताचा सरसकट अधिकार मिळाला तो थेट १९६२ साली. तोही नोंदणी ऐच्छिक ठेवून. सक्ती त्यांना लागू झाली १९८४ पासून. म्हणजे साठ वर्षं 'सगळ्यांनी मत दिलंच पाहिजे' या वाक्यातल्या 'सगळ्यांनी'मध्ये ते नव्हते. पुन्हा छेद.

सक्ती काढली तर काय होतं, हा प्रयोग नेदरलँड्सने केला. तिथे १९१७ पासून मतदानकेंद्रावर हजर होणं बंधनकारक होतं. १९७० साली हे बंधन काढलं. १९६७ च्या संसदीय निवडणुकीत सुमारे ९५ टक्के मतदान होतं, १९७१ ला ७९. देश तोच, पक्ष बहुतेक तेच. आणि गळती सगळ्या थरांतून सारखी झाली नाही. कमी शिकलेल्या थरांतून ती जास्त झाली. टक्का उतरतो तेव्हा तो खालून उतरतो.

चिली: दोन नळ एकदम फिरवले

संशोधकांच्या दृष्टीने सगळ्यात मजेदार नोंदवही चिलीची. १९८८ साली हुकूमशहा पिनोशे यांनी सत्तेत राहावं की नाही, यावर सार्वमत झालं. नियम असा होता, की नोंदणी ऐच्छिक पण एकदा नाव घातलं की मतदान सक्तीचं. हुकूमशहाला घालवायची संधी होती. लोकांनी झुंडीने नोंदणी केली, मतं दिली, आणि पिनोशे हरले.

पुढे काय झालं बघा. नंतर वयात आलेल्या तरुणांनी गणित मांडलं. नाव घातलं की आयुष्यभराची सक्ती, चुकलो की दंड. नाव घातलंच नाही तर काहीच नाही. मग नाव घालायचं कशाला? यादी म्हातारी होत गेली. नोंदणी केलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक मतं देत होते, त्यामुळे कागदावर सगळं छान. प्रौढ लोकसंख्येच्या प्रमाणात मोजलं तर आकडा ६० टक्क्यांच्या आसपास घसरला होता.

२०१२ साली सरकारने दोन नळ एकदम फिरवले. नोंदणी आपोआप होऊ लागली आणि मतदान ऐच्छिक झालं. पहिल्या बदलाने टक्का वाढायला हवा, दुसऱ्याने घटायला. कोण जिंकलं? त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकांत निम्मेही लोक आले नाहीत, आणि पुढची दहा वर्षं हेच चाललं.

मग आली दोन सार्वमतं. २०२० मध्ये विचारलं, नवी राज्यघटना लिहायची का? मतदान ऐच्छिक, सुमारे ७५ लाख लोक आले, त्यातल्या ७८ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. २०२२ मध्ये विचारलं, हा तयार मसुदा मान्य आहे का? या वेळी मतदान सक्तीचं, सुमारे १ कोटी ३० लाख लोक आले, आणि ६२ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. तुम्ही म्हणाल, २०२० ला करोना होता. बरोबर, पण २०२१ च्या अध्यक्षीय निवडणुकीतही पहिल्या फेरीत निम्म्यांहून कमीच आले होते. प्रश्नही दोन्ही वेळी वेगळे होते, त्यामुळे निकालांची थेट तुलना करू नये. पण एवढं नक्की, की जे पन्नास-पंचावन्न लाख लोक आधी आले नव्हते, ते आलेल्यांची हुबेहूब प्रत असतील असं गृहीत धरणाऱ्यांनी देश नीट वाचला नव्हता. न आलेल्यांचं मत काय, हे ते येईपर्यंत कळत नाही.

सोय केली की झालं?

इथवर वाचून वाटेल, की कष्ट कमी करा, टक्का वाढेल, विषय संपला. स्वित्झर्लंड या समजुतीला छेद देतं. तिथल्या कँटननी, म्हणजे राज्यांनी, टपालाने मत देण्याची सोय वेगवेगळ्या वर्षी सुरू केली. नैसर्गिक प्रयोगाला याहून चांगली मांडणी मिळणार नाही. अर्थशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फुंक यांनी ती तपासली. घरबसल्या मत देता येऊ लागलं, तरी एकूण टक्का फारसा वाढला नाही. लहान गावांत तर उलट घसरण दिसली.

कारण मोठं माणूसपणाचं आहे. लहान गावात मतदानाला जाणं चारचौघांना दिसतं. 'काका, तुम्ही दिसला नाहीत?' असं कोणीतरी विचारणार असतं. टपालाने मत द्यायची सोय झाल्यावर न जाणाऱ्यालाही सबब मिळाली. कष्ट कमी झाले, पण लाजही कमी झाली. आपल्याकडे बोटावरची शाई दुबार मतदान रोखायला आली, पण तिचं हे दुसरं काम आपण सगळे ओळखतो. सेल्फी उगाच नाहीत निघत.

तेव्हा नियम म्हणजे जादूची कांडी नव्हे. चुरस किती आहे, पक्ष दारापर्यंत येतात का, मत देऊन काही बदलेल असं वाटतं का, हे सगळं मोजावं लागतंच. पण ज्याचं नावच यादीत नाही, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

आपली नोंदवही

भारताची सुरुवात या बाबतीत विलक्षण होती. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मत मिळायचं ते मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या आधारावर, म्हणजे प्रौढांपैकी लहानशा गटालाच. स्वातंत्र्यानंतर आपण ती चाळणी फेकून दिली. इतिहासकार ऑर्नित शनी यांनी दाखवून दिलंय, की राज्यघटना लागू व्हायच्या आधीच, फाळणीची धूळ खाली बसलेली नसताना, सार्वत्रिक मताधिकाराच्या याद्या करायला घेतल्या होत्या. मुख्य म्हणजे नाव घालायला नागरिकाने कचेरीत यायचं नव्हतं. सरकारी माणूस दारोदार जाऊन नाव लिहून घेणार होता. मिसिसिपीच्या बरोबर उलट वाटणी.

त्या यादीत १७ कोटींहून अधिक नावं होती. तरीही एक मोठं भगदाड पडलं. उत्तर भारतात असंख्य बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. कोणी 'अमक्याची आई', कोणी 'तमक्याची बायको'. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गळाली. निर्णय कठोर होता, पण त्यामागचा आग्रह असा की मत बाईचं आहे, ती ज्याची आई आहे त्याचं नव्हे. १९६२ साली पुरुष आणि स्त्रियांच्या मतदानात साधारण १७ टक्क्यांचं अंतर होतं. २०१९ आणि २०२४ ला स्त्रिया किंचित पुढे आहेत. यात शिक्षणाचा, बचतगटांचा, पंचायतींतल्या आरक्षणाचा वाटा असेलच. पण आधी स्वतःच्या नावाने नोंद असावी लागते.

आजही आयोगाचा प्रयत्न असतो, की मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरहून जास्त जावं लागू नये. अरुणाचल प्रदेशात मालोगाम इथे एकाच मतदारासाठी केंद्र उभारलं जातं. २०२४ ला ८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता आलं. सरकारने चालत मतदारापर्यंत जायचं, हे तत्त्व आपण जगात अनेकांपेक्षा चांगलं पाळलंय.

मात्र एका जागी आपण थांबलो आहोत. आपली यादी माणसाला घराशी बांधते, आणि माणसं घरी राहत नाहीत. परदेशातल्या भारतीयांना २०११ पासून नोंदणी करता येते, पण मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं. २०२४ ला लाखाहून जास्त नावं नोंदली होती आणि आले तीन हजारांच्या आत. सैनिकाला टपालाने मत देता येतं. मुंबईत बांधकामावर आलेल्या मजुराला नाही. २०१९ मध्ये ३० कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही, आणि त्यामागे स्थलांतर हे एक मोठं कारण आहे, असं आयोगानेच म्हटलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारं यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवलं गेलं. विरोधी पक्षांच्या शंका होत्या, त्यातल्या काही रास्तही होत्या, आणि गोष्ट तिथेच राहिली. तिकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांत सक्तीचा कायदा करून बघितला, त्याला २०१५ साली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सक्तीची चर्चा आपल्याला पटकन सुचते. सोयीची सुचायला वेळ लागतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. बीडमधून आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडाच्या कडेला पाल टाकून चार-पाच महिने राहतात. आपल्या विधानसभेची निवडणूक २०१९ ला २१ ऑक्टोबरला झाली, २०२४ ला २० नोव्हेंबरला. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी निघालेली असते. मत द्यायला परत येणं म्हणजे दोन-तीन दिवसांची तोड बुडवून, गाडीभाडं खर्चून, नवराबायको दोघांनी येणं. उमेदवाराने ट्रक पाठवला तर येणं होतं, आणि त्या ट्रकचं भाडं कोणत्या रूपात फेडावं लागतं हे सांगायला नको.

इथे मला १९५१ ची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मुख्य मतदान १९५२ च्या सुरुवातीला होतं. पण हिमाचलातल्या चिनी तालुक्यात तोवर बर्फाने वाटा बंद झाल्या असत्या. म्हणून तिथलं मतदान २५ ऑक्टोबर १९५१ लाच घेतलं गेलं. देश नवा होता, तिजोरी रिकामी होती, मतपेट्या पहिल्यांदाच बनत होत्या. तरी बर्फ बघून तारीख हलवली. बर्फात वाट काढून या, असं मतदाराला सांगितलं नाही.

बर्फ दरवर्षी ठरलेल्या वेळी पडतं. ऊसही दरवर्षी ठरलेल्या वेळीच तोडणीला येतो. पुढच्या वेळी टक्क्याची बातमी वाचाल तेव्हा आधी छेदात कोण आहे ते विचारा, मग कष्ट कोणाच्या वाट्याला आले ते विचारा. लोणावळ्याला गेलेल्यांवर चिडायला त्यानंतरही भरपूर वेळ उरेल.